जॉसलिन आलो आणि १२२ होमरन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील जॉसलिन आलोबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्यांनी या खेळाचा एकही सामना पाहिलेला नाही, त्यांनाही समजतील अशा बेताने ती लिहिली आहेत. तिच्या होमरनांचा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. मला तिची खरी थोरवी तिने सोडून दिलेल्या चेंडूंमध्ये दिसते, आणि माझं हे मत उत्तरांमध्ये जागोजागी डोकावेल.

जॉसलिन आलो कोण?

हवाईतल्या ओआहू बेटावर हाऊउला नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. तिथली ही मुलगी. २०१८ ते २०२२ अशी पाच वर्षं ती ओक्लाहोमा विद्यापीठाच्या 'सूनर्स' संघाकडून ७८ नंबरची जर्सी घालून खेळली. अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमधल्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था असलेल्या एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, तिने १२२ होमरन मारले. त्याआधीचा विक्रम ९५ चा होता. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं ती देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली आणि त्याच दोन्ही वर्षी तिचा संघ राष्ट्रीय विजेता झाला.

सॉफ्टबॉल म्हणजे मुलींचा बेसबॉल का?

असं समजलं की या खेळाची अवघड बाजू नजरेतून सुटते. चेंडू मोठा असतो, त्याचा घेर १२ इंच. मैदान लहान असतं आणि एका बेसपासून, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यापासून, दुसरा बेस ६० फुटांवर. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, हात खालून फिरवून चेंडू टाकते. ती उभी असते बॅटरपासून अवघ्या ४३ फुटांवर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे अंतर १४ यार्डांच्या जेमतेम वर जातं. शिवाय पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी कमी होतं. चांगल्या कॉलेज पिचरचा चेंडू ताशी १०५ ते ११० किलोमीटरने येतो. म्हणजे तो हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोचायला साधारण चार दशांश सेकंद लागतात.

तेवढ्या वेळात बॅटरने ओळखायचं असतं की चेंडू वर उठतोय, खाली पडतोय, बाहेर वळतोय की हळू टाकून आपल्याला फसवलंय. आणि मग बॅट फिरवायची की नाही, हेही तेवढ्यातच ठरवायचं. सामना सात इनिंगचा असतो (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी), त्यामुळे एका बॅटरला दिवसभरात तीन-चारच संधी मिळतात. एक संधी वाया गेली तर ती भरून काढायला क्रिकेटसारखा दुसरा डाव नसतो.

होमरन आणि क्रिकेटचा षटकार एकच का?

चेंडू कुंपणापलीकडे गेला इथपर्यंत सारखंच. पण होमरनला बॅटर स्वतः चारही बेस फिरून घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, येते, आणि त्या वेळी बेसवर ज्या सहकारी असतील त्यांनाही घेऊन येते. त्यामुळे एका होमरनला एक धाव मिळू शकते, तशा चारही मिळू शकतात. तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या होमरनला ग्रँड स्लॅम म्हणतात. २०२२ च्या एका मोठ्या सामन्यात जॉसलिनने तो कसा मारला, ते पुढे येईल.

कॉलेजच्या खेळाला अमेरिकेत इतकं महत्त्व का?

मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी तिथे वर्षानुवर्षं कॉलेज हेच सर्वांत मोठं व्यासपीठ राहिलं आहे. व्यावसायिक लीग आल्या, काही बंद पडल्या, नव्या आल्या. कॉलेजचा हंगाम मात्र दरवर्षी फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनच्या सुरुवातीला संपतो. यामागे १९७२ चा 'टायटल नाईन' हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना डावलता येणार नाही, असं त्या कायद्याने ठरवलं. त्यातून मुलींचे संघ, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक आणि मैदानं उभी राहिली.

हंगामाच्या शेवटी ६४ संघ बाद फेरीत जातात आणि त्यातले आठ ओक्लाहोमा सिटीत विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळतात. तिथे दोनदा हरलेला संघ बाहेर पडतो. उरलेल्या दोन संघांत तीनपैकी दोन सामने जिंकेल तो विजेता. सूनर्सचं गाव नॉर्मन तिथून गाडीने अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे तिथलं निम्मं स्टेडियम त्यांच्याच रंगात दिसतं. हा फायदा त्यांना मिळतो, हे मान्य करायला हवं.

लहानपणी ती आणखी काय खेळायची?

कुस्ती. हवाईत शालेय कुस्तीत तिने राज्याचं विजेतेपद मिळवलं होतं. तिची बॅट फिरताना नीट पाहिली की हे लक्षात येतं. मागचा पाय जमिनीत रुतल्यासारखा स्थिर असतो, आधी कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी येतात. जोर खांद्यातून येतो असं वाटून मुली हातांनीच बॅट ओढतात. जॉसलिनचा जोर खालून, मांड्या आणि कमरेतून येतो.

आधी ती घराजवळच्या कहुकू शाळेत होती. पुढे बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या कॅम्पबेल हायस्कूलकडून खेळली आणि तिथून ओक्लाहोमाला गेली.

ओक्लाहोमाच्या संघात असं विशेष काय?

पॅटी गासो. १९९५ पासून त्या तिथे मुख्य प्रशिक्षक आहेत. संघाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २००० सालचं. त्यानंतर २०१३, २०१६ आणि २०१७ ला जिंकलं, आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं. जॉसलिन २०१८ च्या हंगामात आली तेव्हा संघ लागोपाठ दोनदा विजेता होता. अशा संघात पहिल्या वर्षाच्या मुलीला कोणी डोक्यावर घेत नाही. जागा कमवावी लागते.

पहिल्याच वर्षी ती चमकली का?

हो. तिने ३० होमरन मारले. त्या वर्षी देशात कोणीही तिच्या पुढे नव्हतं, आणि पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठीच्या राष्ट्रीय विक्रमाशी तिने बरोबरी केली. वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणूनही तिची निवड झाली. संघ मात्र वर्ल्ड सिरीजमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाकडून हरून बाहेर पडला.

मग दुसऱ्या वर्षी तिचा खेळ घसरला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण ३० वरून आकडा थेट १६ वर आला. माझं उत्तर: तिच्या कारकिर्दीतलं शिकण्यासारखं वर्ष हेच आहे.

३० होमरन मारणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षी कोणी सरळ चेंडू टाकत नाही. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी तिचे व्हिडिओ पाहिले होते. तिला कुठे चेंडू आवडतो हे प्रत्येक पिचरला ठाऊक होतं. चेंडू प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटाच्या, कडेला, कडेच्याही बाहेर, गुडघ्याखाली, हनुवटीपाशी येऊ लागले. अशा वेळी जोरदार बॅटरचा संयम सुटतो. तीन चेंडू सोडून दिले की चौथ्यावर हात शिवशिवतात, आणि बाहेरच्या चेंडूवर बॅट घातली की सोपा झेल जातो. पिचरला नेमकं हेच हवं असतं.

त्या वर्षी सूनर्स अंतिम फेरीत पोचले आणि लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून दोन्ही सामने हरले. पहिला १६-३ असा एकतर्फी, दुसरा ५-४ असा अगदी थोडक्यात. पुढे जी जॉसलिन दिसली, ती या वर्षाने घडवली असं मला वाटतं. नको तो चेंडू सोडायचा आणि हवा तो आला की एकदाच मारायचा, ही शिस्त आकडा चढता असताना अंगी बाणत नाही.

वॉक म्हणजे नक्की काय? तो मुद्दाम देता येतो का?

बॅटरच्या साधारण छातीपासून गुडघ्यापर्यंत आणि प्लेटच्या रुंदीएवढी एक जागा धरलेली असते. तिच्याबाहेर पडलेल्या चेंडूवर बॅट फिरवली नाही, तर पंच 'बॉल' देतात. असे चार झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जाते. हाच वॉक.

मुद्दाम देता येतो, आणि तो नियमात बसतो. पंचांना नुसतं सांगूनही बॅटरला पहिल्या बेसवर पाठवता येतं. हिशोब साधा असतो: हिला एक बेस फुकट दिलेला परवडला, चार धावा परवडणार नाहीत. जॉसलिनला असे वॉक इतके मिळाले की घरच्या प्रेक्षकांना त्याची चीड येऊ लागली होती.

वॉकचा एक बारकावा पालकांच्या लक्षात येत नाही. बॅटिंगची सरासरी काढताना वॉक धरला जात नाही, त्यामुळे तिची सरासरी खाली येत नाही. पण होमरनची ती संधी कायमची जाते. म्हणून १२२ हा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा की कित्येकदा तिला मारण्याजोगा एकही चेंडू मिळाला नाही, आणि तरी तो आकडा झाला.

२०२० मध्ये काय झालं?

कोविडमुळे मार्चमध्ये हंगामच थांबला. सूनर्सचे २४ सामने झाले होते, २० जिंकून ४ हरलेले. जॉसलिनचे ८ होमरन झाले होते. एनसीएएने त्या वर्षीच्या सगळ्या वसंत ऋतूतल्या खेळाडूंना एक जादा वर्ष खेळायची मुभा दिली. तिचं २०२२ चं पाचवं वर्ष त्यातूनच आलं.

पाच वर्षं मिळाली म्हणून विक्रम झाला, असं म्हणतात. ते खरं का?

आक्षेप रास्त आहे, पण हिशोब करून पाहिला की टिकत नाही. आधीचा विक्रम लॉरेन चेंबरलेनचा होता. तीही सूनर्सचीच, २०१२ ते २०१५ मध्ये खेळलेली. तिने यूसीएलएच्या स्टेसी न्यूव्हमनचा ९० चा विक्रम मोडून ९५ होमरन केले होते.

जॉसलिनचे पहिल्या चार वर्षांचे आकडे असे: ३०, १६, ८, ३४. बेरीज ८८. यातलं तिसरं वर्ष अर्ध्यावरही गेलं नव्हतं. त्या वर्षी २४ सामन्यांत ८ झाले होते. कॉलेजच्या हंगामात साधारण साठ सामने होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त हंगाम शिल्लक होता. तो झाला असता तर आणखी आठ होमरन होणं तिच्या आवाक्याबाहेर अजिबात नव्हतं. म्हणजे ९५ चा टप्पा ती चार वर्षांतच ओलांडू शकली असती. पाचव्या वर्षाने तिला ९५ च्या कितीतरी पुढे नेलं, एवढंच म्हणता येईल. चेंबरलेनची थोरवी यातून कुठेही कमी होत नाही.

२०२१ चा संघ इतका गाजला तो का?

त्या संघाने एका हंगामात १६१ होमरन मारले. हा एनसीएएचा नवा विक्रम होता, आणि तो मोडला गेला हवाई विद्यापीठाच्या २०१० च्या संघाचा, १५८ चा. जॉसलिनने एकटीने ३४ मारले. तिच्या जोडीला टियारे जेनिंग्ज ही पहिल्या वर्षाची मुलगी होती, तिचे २७ झाले. जेडा कोलमन, किन्झी हॅन्सन, ग्रेस लायन्स अशी फळी मागेपुढे असली की जॉसलिनला वॉक देऊन पिचरची सुटका होत नाही. तिला पहिल्या बेसवर पाठवलं की पुढची उभीच. २०१९ आणि २०२१ मधला मोठा फरक मला इथे दिसतो. तिचा संयम वाढला होता, आणि तिला टाळण्याची किंमतही वाढली होती.

वर्ल्ड सिरीजचा पहिलाच सामना मात्र ते जेम्स मॅडिसन विद्यापीठाकडून हरले. ओडिसी अलेक्झांडर या पिचरने त्यांना रोखलं. आणखी एक पराभव झाला असता तर सगळं संपलं असतं. तिथून ते एकेक सामना जिंकत वर आले, उपांत्य फेरीत त्याच जेम्स मॅडिसनला दोनदा हरवलं आणि अंतिम फेरीत फ्लोरिडा स्टेटविरुद्ध पहिला सामना गमावूनही पुढचे दोन जिंकले.

९५ आणि ९६ यांच्यामध्ये काय घडलं?

२०२२ चा हंगाम तिने ८८ वर सुरू केला. फेब्रुवारीतच सात होमरन झाले आणि २० फेब्रुवारीला टेक्सास स्टेटविरुद्ध तिने चेंबरलेनला गाठलं. आता एकच हवा होता. तो यायला ११ मार्च उजाडला.

मधले १९ दिवस कसे गेले असतील याचा विचार करा. प्रत्येक सामन्यात कॅमेरे तिच्यावर रोखलेले. प्रेक्षक तो एक फटका पाहायला आलेले. आणि समोरच्या संघातल्या कोणालाच आपलं नाव त्या विक्रमाला चिकटायला नको होतं. चेंडू दूर, आणखी दूर. वॉकवर वॉक. कॅलिफोर्नियातली स्पर्धा होऊन गेली, नॉर्मनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणं झालं, तरी ९६ वा येईना.

या दिवसांत तिने काय केलं नाही, ते मुलींनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. ती बाहेरच्या चेंडूंच्या मागे धावली नाही. विक्रम एका फटक्यावर आला असताना, लोक ओरडत असताना, नको तो चेंडू सोडून बॅट खाली ठेवायची आणि पहिल्या बेसकडे जायचं, ही गोष्ट ३४ होमरनांपेक्षा अवघड आहे असं मी मानते. संघ जिंकत होता. तिला मिळालेला प्रत्येक वॉक संघाची एक मुलगी बेसवर नेऊन ठेवत होता. तेवढं तिला पुरत होतं.

आणि तो विक्रम हवाईतच झाला?

हो, आणि ही कोणी जुळवून आणलेली गोष्ट नव्हती. त्या आठवड्यात सूनर्सचा होनोलुलूचा दौरा आधीच ठरलेला होता. ११ मार्च २०२२ ला हवाई विद्यापीठाच्या मैदानावर, सहाव्या इनिंगमध्ये तिला हवा तसा चेंडू मिळाला आणि तो कुंपणापलीकडे गेला. सूनर्सने सामना ११-० असा जिंकला. स्टेडियममध्ये तिचे आईवडील, नातेवाईक आणि लहानपणापासून ओळखणारी माणसं होती. हवाईत मानाने घालतात त्या फुलांच्या माळांनी, म्हणजे लेईंनी, तिचा गळा भरून गेला. प्रतिस्पर्धी संघाच्या मैदानावर पाहुण्या खेळाडूसाठी असा जल्लोष क्वचितच होत असेल.

२०२२ चा शेवट कसा झाला?

संघाने ५९ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. सुरुवातीचे ३८ सलग जिंकले होते, मग टेक्सासने त्यांना एकदा हरवलं. जॉसलिनची त्या हंगामातली सरासरी .५१५ होती. म्हणजे अधिकृत बॅटिंगच्या दोन संधींपैकी एकीहून जास्त वेळा तिने हिट मारली, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठला. होमरन पुन्हा ३४, आणि ८५ धावा तिच्या फटक्यांवर आल्या.

वर्ल्ड सिरीजमध्ये यूसीएलएने त्यांना ७-३ असं हरवलं. या दोन संघांमधला पुढचा सामना निर्णायक होता, जो हरेल तो घरी. हरलेल्या मुली अशा वेळी बिचकतात. सूनर्सने तो सामना १५-० ने जिंकला. पाच इनिंगनंतर आठ किंवा जास्त धावांची आघाडी असली की सामना थांबवतात, त्या नियमाने तो तिथेच संपला. जॉसलिनने चारपैकी चारही वेळा हिट मारली. त्यात दोन होमरन होते, त्यातला एक ग्रँड स्लॅम. सात धावा एकटीच्या फटक्यांवर आल्या. तीन वर्षांपूर्वी याच यूसीएलएने अंतिम फेरीत १६-३ असा धुव्वा उडवला होता, हे लक्षात ठेवून तो सामना पाहावा.

अंतिम फेरीत टेक्सासला १६-१ आणि १०-५ असं हरवून विजेतेपद राखलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

तिच्या कारकिर्दीचे आकडे थोडक्यात कसे वाचायचे?

पाच वर्षांची सरासरी .४४५. होमरन १२२. तिच्या फटक्यांवर आलेल्या धावा ३२३. फटक्यांनी मिळवलेले एकूण बेस ७६१. स्लगिंग .९८७.

शेवटचा आकडा समजून घेण्यासारखा आहे. साध्या हिटला एक बेस, दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणाऱ्या फटक्याला दोन, तिसऱ्यापर्यंतच्या फटक्याला तीन आणि होमरनला चार, अशी बेरीज करून तिला अधिकृत बॅटिंगच्या संधींनी भागतात. उत्तर .९८७ आलं याचा अर्थ, पाच वर्षं ती जितक्या वेळा बॅटिंगला उभी राहिली त्या प्रत्येक वेळेमागे, हुकलेल्या धरून, जवळपास एक बेस तिने कमावला. एकूण बेस आणि स्लगिंग, हे दोन्हीही एनसीएएचे विक्रम झाले. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दर सहा-साडेसहा अधिकृत संधींमागे एक होमरन येतो. आणि तीन हिट झाल्या की त्यातली एक तरी कुंपणापलीकडे.

ती फील्डिंग का करत नव्हती?

बहुतेक वेळा ती डीपी, म्हणजे डेझिग्नेटेड प्लेअर असायची. सॉफ्टबॉलच्या नियमानुसार एक खेळाडू दुसरीच्या वतीने बॅटिंग करू शकते, आणि ती दुसरी फक्त फील्डिंग करते. काही जण यावरून तिला अर्धी खेळाडू म्हणतात. मला ते पटत नाही. डीपीला अख्ख्या सामन्यात तीन-चार वेळाच मैदानात यायचं असतं. मधला सगळा वेळ डगआऊटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या खेळाडूंच्या बाकावर, बसून शरीर गरम आणि डोकं थंड ठेवायचं. फील्डिंगमध्ये चूक भरून काढायची सोयही तिला नसते.

तिला पैसे मिळायचे का?

तिच्या काळात सॉफ्टबॉल संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि त्या वीसएक मुलींत वाटल्या जायच्या. १ जुलै २०२१ पासून नियम बदलला. कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जॉसलिनला हे स्वातंत्र्य शेवटच्या एका वर्षात मिळालं. पुढे २०२४ मध्ये निजारी कॅनडी ही पिचर टेक्सास टेककडे गेली तेव्हा तिचा करार दहा लाख डॉलरच्या वर होता. दोनच वर्षांत केवढी मजल! जॉसलिनच्या पिढीने प्रेक्षक आणले, त्याचं फळ पुढच्या मुलींना मिळतंय, आणि याचा मला आनंद आहे.

कॉलेजनंतर काय?

२०२२ मध्ये विमेन्स प्रोफेशनल फास्टपिच या नव्या लीगच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी खेळाडू निवडण्याच्या फेरीत, सर्वांत पहिलं नाव तिचं पुकारलं गेलं. पुढे ती ओक्लाहोमा सिटी स्पार्क संघाकडून खेळली. म्हणजे जिथे विजेतेपदं मिळवली त्याच शहरात.

ती ऑलिम्पिक खेळली का?

टोकियोच्या अमेरिकन संघात ती नव्हती. सॉफ्टबॉलचं आणि ऑलिम्पिकचं नातंच तुटक आहे. १९९६ ते २००८ खेळ होता, मग काढला. टोकियोला परत आला, तेव्हा जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. पॅरिसला पुन्हा वगळला. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये तो परत येतोय, आणि सामने ठरलेत ते ओक्लाहोमा सिटीच्या त्याच स्टेडियममध्ये, जिथे वर्ल्ड सिरीज होते. खेळ असा आत-बाहेर होत राहिला की एखाद्या चांगल्या खेळाडूची उमेदीची वर्षं दोन ऑलिम्पिकच्या मध्येच निघून जातात.

१२२ चा आकडा मोडला जाईल का?

अशक्य नाही. चार वर्षांत मोडायचा तर दरवर्षी ३१ लागतील, तेही दुखापत न होता. आणि पहिल्या वर्षी ३० मारले की दुसऱ्या वर्षी पिचर काय करतात, ते वर सांगितलंच. जादा वर्ष पुन्हा कोणाला सहज मिळणार नाही. जी मोडेल तिला आधी चेंडू सोडायला शिकावं लागेल.

माझी मुलगी महाराष्ट्रात शाळेकडून सॉफ्टबॉल खेळते. तिने जॉसलिनकडून काय घ्यावं?

आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, चांगल्या खेळणाऱ्या मुलीही आहेत. अडचण सरावाची असते. मैदान क्रिकेटवाल्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं, चेंडू मोजके असतात, कुंपण बहुधा नसतंच. त्यामुळे सगळा वेळ जोरात मारण्यात जातो.

जॉसलिनचा धडा घ्यायला कुंपण लागत नाही. मैत्रिणीला खरा वेग लावून चेंडू टाकायला सांगा. मुलीने हेल्मेट घालून बॅट घेऊन उभं राहायचं, पाय आणि कंबर तयार ठेवायची, पण बॅट फिरवायची नाही. चेंडू हातातून सुटल्या सुटल्या मोठ्याने म्हणायचं, 'घेते' किंवा 'सोडते'. मागे कॅचरने चेंडू खरंच कुठे आला ते सांगायचं. सुरुवातीला उत्तरं चुकतात, आणि उशिराही येतात. रोज बॅटिंगआधी असे थोडे चेंडू नुसते वाचले, तर काही आठवड्यांत आवाज लवकर यायला लागतो. मग त्याच क्रमाने बॅट फिरवायला द्या, आणि 'सोडते' म्हटलेल्या चेंडूवर बॅट गेली तर ती हिट असली तरी मोजू नका.